इसार नाही, तर नाणंही नाही

नवं स्मारक नाणं जाहीर झालं की माझा फोन दिवसभर वाजतो. "भाऊ, दोन माझ्या नावावर लिहा." कोल्हापुरात नाण्यांचं दुकान चालवणाऱ्याला हे ऐकून बरं वाटायला हवं. मला वाटत नाही. नाव लिहायला सांगणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, पैसे माझे अडकतात. सरकारी टांकसाळ मागणीबरोबरच पूर्ण रक्कम घेते आणि नाणं हाती यायला अनेकदा काही महिने जातात. तेवढ्यात चांदी कुठेही जाऊ शकते, आणि गिऱ्हाईकही.

मे 2023 मधलं नव्या संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं घ्या. वजन 35 ग्रॅम, त्यात चांदी निम्मी. त्या वेळच्या दरानं ही चांदी तेराशे रुपयांच्या आतली. टांकसाळीची किंमत त्याहून बरीच वर. हा वरचा पैसा हौसेचा असतो, आणि हौस ओसरली की त्याला आधार उरत नाही. बातमी ताजी असताना नावं दिलेल्यांपैकी कित्येकांनी माल आल्यावर फोन उचलला नाही. एकानं निदान स्पष्ट सांगितलं, "बाहेर दोनशेनं कमी मिळतंय." मिळत असेल. पण भाव उतरण्याची जोखीम त्यानं कधी घेतलीच नव्हती. ती मी घेतली होती, तीही फुकट.

आता आमच्या धंद्याची दुसरी बाजू. रिझर्व्ह बँकेनं 90व्या वर्षात पाऊल टाकलं म्हणून एप्रिल 2024 मध्ये 90 रुपयांचं नाणं निघालं. हे शुद्ध चांदीचं, सुमारे 40 ग्रॅम. तेव्हा चांदी किलोला 75 हजारांच्या आसपास होती, म्हणजे नाण्यातली चांदी तीन हजारांची. डिसेंबर 2025 मध्ये चांदीनं दोन लाख ओलांडले आणि तेच 40 ग्रॅम आठ हजारांवर गेले. अशा तेजीत काही विक्रेत्यांना अचानक आठवतं की आपल्याकडे माल कमी आला आहे. गडहिंग्लजच्या एका शिक्षकांनी दुसरीकडे आगाऊ पैसे भरून ठेवले होते. त्यांना नाण्याऐवजी पैसे परत मिळाले, वर "सर, समजून घ्या" हेही ऐकावं लागलं. पळालेल्या गिऱ्हाइकाला नावं ठेवणाऱ्या आम्हा दुकानदारांना हे शोभत नाही. मला तर हा प्रकार जास्त वाईट वाटतो, कारण इथे पैसे घेऊन शब्द मोडलेला असतो.

जुन्या नाण्यांच्या लिलावात ही भानगड नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यानुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते; तो पडला की सौदा पुरा. दुसऱ्या दिवशी तसाच होळकरी रुपया स्वस्तात दिसला तरी बोली लावणाऱ्याला पैसे मोजावेच लागतात. आमच्या आगाऊ नोंदणीत हातोडा कधी पडला, हेच कुणी ठरवत नाही.

म्हणून मी ठरवलंय. टांकसाळीकडे पैसे भरण्याच्या दिवसापर्यंत गिऱ्हाइकानं खुशाल नाही म्हणावं. त्यानंतर निम्मी रक्कम इसार म्हणून माझ्याकडे राहील. त्यानं माल उचलला नाही, तर नाणं विकून मला जेवढा तोटा होईल तेवढाच त्यातून कापीन, बाकी परत. किंमत पावतीवर लिहिलेली असेल. चांदी दुप्पट झाली तरी मी एक रुपया जास्त मागणार नाही. माल खरोखरच कमी आला, तर ज्याचे पैसे आधी आले त्याला आधी. ओळखपाळख चालणार नाही, माझ्या मेहुण्याचीसुद्धा.

यानं काही गिऱ्हाइकं तुटतील. तुटू देत. तुम्ही संग्राहक असाल तर एवढंच करा: पुढचं नाणं निघेल तेव्हा दुकानदाराकडून किंमत, नग आणि रद्द करण्याची शेवटची तारीख लिहिलेली पावती घ्या आणि तिथल्या तिथे इसार द्या.