टेबल अडवून बसणारी माणसं

‘येथे राजकारणावर चर्चा करू नये.’ ही पाटी आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हॉटेलात वडिलांच्या काळापासून लटकते आहे. मुंबईत धोबी तलावच्या बस्तानी या इराणी हॉटेलातल्या सूचनांची यादी तर इतकी लांबलचक होती की निसिम इझिकेल यांनी तिचीच कविता केली. या पाट्यांमागचं कारण आपल्या धंद्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका चहावर चौघं तासभर बसली की दारात उभं असलेलं गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात शिरतं. टेबल फिरलं तरच गल्ला भरतो. भाडं, गॅस आणि आचाऱ्याचा पगार दर महिन्याला चुकवणाऱ्या माणसाला यात चूक आहे असं कुणी सांगू नये.

मात्र हा नियम गर्दीच्या वेळेचा आहे. आमच्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीचंच बघा. सकाळी मिसळीला टेबल मिळत नाही, दुपारी थाळीला उसंत नसते, पहिली पाळी सुटली की चहा-वडापावची एक लाट येऊन जाते. त्यानंतर सात-साडेसातपर्यंत वेटर पुसलेली टेबलं पुन्हा पुसतात. पंखे चालू, भट्टी मंद, दोन-तीन टेबलांवर माणसं. टेबल फिरवायला गिऱ्हाईकच नसतं. या वेळेबद्दल आम्हाला एक मागणं मांडायचं आहे. महिन्यातून एकदा मालकाने गल्ल्यावरून उठावं, वीस-पंचवीस माणसांना बोलवावं आणि आपण जे खाऊ-पिऊ घालतो त्याबद्दल त्यांच्यात बोलणं घडवून आणावं.

बसू दिल्याने हॉटेल बुडतं ही भीती आधी बाजूला ठेवू. मुंबईच्या जहांगीर कलादालनात उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये ‘समोवार’ सुरू केलं. चिंचोळ्या व्हरांड्यासारखी जागा. चित्रकार, नाटकवाले, कॉलेजची मुलं तिथे तासन्‌तास बसत. हे हॉटेल २०१५ पर्यंत, म्हणजे अर्धशतक चाललं, आणि बंद झालं ते जागेच्या वादामुळे. गिऱ्हाईक आटलं म्हणून नव्हे. तिथून हाकेच्या अंतरावर वेसाइड इन होतं. अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षं बसत, मित्र जमवत, समोरच्या चौकातली माणसं न्याहाळत. त्या चौकावरच्या इंग्रजी कवितांचं ‘काला घोडा पोएम्स’ हे पुस्तक २००४ मध्ये आलं. त्याआधीच वेसाइड इन बंद झालं होतं. कवीला चौक दाखवणारं टेबल त्या हॉटेलाने दिलं, आणि त्याला तिथून कुणी उठवलं नाही.

त्या मालकांनी बसू दिलं, एवढंच केलं आणि तेवढं त्या काळाला पुरलं. आज गप्पा मारायला माणसांना हॉटेलाची गरज उरलेली नाही. हातातला मोबाइल त्यांना पुरतो. म्हणून आता नुसतं बसू देऊन भागणार नाही, बोलावणं मालकाकडूनच जायला हवं.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण आम्हाला दूरच्या गावी सापडतं. ब्रा हे उत्तर इटलीतल्या पिएमोंतमधलं छोटं गाव. आसपास बारोलो वाइनचे मळे. १९८४ मध्ये कार्लो पेत्रिनी यांच्या मित्रमंडळींनी तिथे ‘बोक्कोंदिविनो’ ही खाणावळ उघडली. स्थानिक पदार्थ, स्थानिक वाइन आणि टेबलाभोवती अखंड वाद. दोनच वर्षांत त्याच भागातली मिथेनॉल मिसळलेली वाइन पिऊन वीसहून अधिक माणसं दगावली आणि इटलीच्या साऱ्या वाइनवरचा लोकांचा विश्वास उडाला. अशा वेळी जाहिराती उपयोगी पडत नाहीत. या मंडळींची पद्धत अशी की ज्याने पिकवलं आणि ज्याने बनवलं, त्याला चाखणाऱ्याच्या समोर बसवायचं. पुढे जगभर पसरलेली ‘स्लो फूड’ चळवळ याच मंडळींतून उभी राहिली. तिचा जाहीरनामा १९८९ चा आहे.

नाशिकला हे सारं हाताशी आहे. १९२२ पासूनच्या वसंत व्याख्यानमालेने गोदाकाठी बसून ऐकायची सवय नाशिककराला लावली. इथल्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वाइनरीतल्या चाखण्याच्या दालनात ग्लास कसा धरावा हे आता शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी पोरंही शिकून जातात. तिथलं बोलणं मात्र कंपनीच्या बाजूने होतं. दिंडोरी-निफाडचा बागायतदार, ज्याच्या जिवावर हे चाललं आहे, तो त्या टेबलावर नसतो.

त्याला आपल्याकडे बोलवा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटताना, पोंगा अवस्थेत, पाऊस लागून राहिला तर घड कसे जिरतात, फुलोऱ्यात आलेल्या पावसाने डावणी रोग किती झपाट्याने पसरतो, काढणीच्या तोंडावर मणी तडकले की ठरलेला व्यापारी कसा फिरकत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकलेला माणूस पुन्हा द्राक्षाच्या भावावरून गाडीवाल्याशी हुज्जत घालताना थोडा थांबेल. फेब्रुवारीत दोन ताटल्या शेजारी शेजारी ठेवा. एकीत खायची थॉम्पसन, दुसरीत वाइनची शिराझ. वाइनचं द्राक्ष आंबट असणार असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते बारीक, काळं, जाड सालीचं, बियांचं असतं आणि पिकल्यावर थॉम्पसनपेक्षाही गोड लागतं. ती साखरच पुढे मद्यार्क होते. पहिला मणी तोंडात टाकल्यावर टेबलावरचे चेहरे बघा. तिथून पुढे प्रश्न आपोआप येतात, वक्त्याला प्रास्ताविक लागत नाही.

विषय पेयाचाच हवा असं नाही. नाशिकच्या काळ्या रश्श्यासाठी कांदा-खोबरं कुठवर भाजायचं, यावर दोन मिसळवाले समोरासमोर बसले तर संध्याकाळ पुरणार नाही. पेठ-सुरगाण्याच्या बायका नागलीचे पापड लाटतात, त्यांना कोणी विचारलं आहे का की नागली त्यांच्या घरी आता किती शिजते?

अंबड-सिडकोत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं आहेत. आपण त्यांना शेवभाजी विकतो, हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी लावतो आणि त्यांचं खाणं आपल्याला कळलं असं समजतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी याच वस्तीत घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक मुठीने मोजून गहू घ्यायचा, आणि ते रोट भाऊबंदांतच खायचे. हा पदार्थ मेनूत येऊ शकत नाही, आणि येऊही नये. पण तो का वाटायचा नाही, वेगळ्या राहणाऱ्या भावांना त्या दिवशी एका चुलीवर का यावं लागतं, कंपनीत रजा मिळाली नाही तर काय करतात, हे सिडकोतली एखादी सासू सांगू शकते. तिच्या बाजूला बिहारहून आलेला, छठचा ठेकुआ आठवणारा फिटर बसलेला असावा. एकाच शेडमध्ये आठ तास शेजारी उभं राहून या दोन घरांना एकमेकांचं ताट माहीत नसतं. ते माहीत करून देण्याची सोय आपल्याकडे आहे, आणि कारखान्याकडे ती नाही.

आता व्यवहाराचं. बैठक फुकट ठेवू नये. एका प्लेटचे आणि चहाचे पैसे घ्यावेत, म्हणजे येणारा मनापासून येतो. पाहुण्याला मानधन आणि गाडीभाडं द्यावं. बागायतदाराचा अर्धा दिवस मोडतो आणि पापडवाल्या बाईचा पूर्ण. माइक नको, बॅनर नको. दीड तास पुरे. खाणं आधी द्यावं, कारण समोर ताट असलं की माणूस नेमकं बोलतो. मालकाने आपल्या हॉटेलाची तारीफ करायला उभं राहू नये. त्याने पहिला प्रश्न विचारावा आणि पुढे कोण कोपऱ्यात गप्प बसलं आहे तेवढं बघावं. वाइनचा ग्लास परवाना असेल तरच टेबलावर यावा. परवाना नसलेल्याने द्राक्षावर बोलावं, विषय तरीही संपत नाही. ‘घरून आणलेली बाटली’ ही पळवाट कुणी शोधू नये, त्यात परवानाही जातो आणि अब्रूही.

दोन गोष्टींचा आग्रह आम्ही धरणार आहोत. पहिली, आचारी बाहेर यावा. ज्याच्या हाताची चव शहर वाखाणतं तो वीस-वीस वर्षं भटारखान्याच्या धुरात राहतो आणि गिऱ्हाईक त्याचा चेहराही ओळखत नाही. या दिवशी त्याने स्वच्छ शर्ट घालून टेबलावर बसावं, आणि वाढणं मालकाने करावं. दुसरी, बायकांना फॅमिली रूमच्या पडद्यामागे पाठवू नये. एमआयडीसीतल्या आपल्या हॉटेलांचा मुख्य हॉल अजूनही पुरुषांचा आहे. रोज स्वयंपाक करणारी अर्धी माणसं पडद्याआड बसवून खाण्यावर कसलं बोलणं होणार?

यातून लगेच गल्ला वाढेल असं आश्वासन आम्ही देत नाही. पहिल्या बैठकीला सात माणसं येतील, त्यातली तीन नात्यातली असतील. तरी तारीख बदलू नका. महिन्याचा ठरलेला वार पाळला की लोक तो लक्षात ठेवतात.

काही व्यावसायिकांनी असं काही आधीच करून पाहिलं असेल. त्यांनी आम्हाला लिहावं: विषय कोणता होता, कोण बोललं, खर्च किती आला, किती माणसं दुसऱ्यांदा आली, आणि कुठे बिघडलं. ही पत्रं आम्ही जानेवारीच्या अंकात छापू, म्हणजे द्राक्षं बाजारात येईपर्यंत नव्याने सुरू करणाऱ्यांच्या हाती काहीतरी असेल.