तातगुणीचा बंगला आणि लिनालोची बाग एकत्र राखण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
रोरिक आणि देविकाराणी रोरिक इस्टेट मंडळ, बेंगळुरू

महोदय,

बेंगळुरूतील मराठी रसिकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत. अभिनेत्री देविकाराणींशी आमचे नाते मालाडच्या बॉम्बे टॉकीजपासूनचे. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणींनी उभ्या केलेल्या या संस्थेच्या चित्रपटांतून लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान या मराठी अभिनेत्री पडद्यावर झळकल्या. फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरीही देविकाराणीच. मालाडचा तो स्टुडिओ आपल्याला राखता आला नाही, याची आम्हाला खंत आहे.

१९४५ मध्ये त्यांनी चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला. पुढे कनकपुरा रस्त्यावरची ४६८ एकरांची तातगुणी इस्टेट हे दोघांचे घर झाले. इथे त्यांनी मूळच्या मेक्सिकोतील लिनालो झाडांची लागवड वाढवली. या झाडाचे सुगंधी तेल मुख्यतः फळाच्या टरफलात असते. फळे वाळवून टरफले वेगळी करायची, वाफेवर त्यांचा अर्क काढायचा आणि पाण्यावर तरंगणारे तेल निथळून घ्यायचे. अत्तर आणि साबण बनवणारे ते विकत घेतात. इस्टेटीचा कारभार या तेलाशी जोडलेला होता, म्हणून बागेशिवाय बंगल्याचा इतिहास अर्धाच राहतो.

१९९३ मध्ये रोरिक आणि १९९४ मध्ये देविकाराणी निवर्तल्या. १९९६ च्या कायद्याने इस्टेट सरकारने संपादित केली. मौल्यवान वृक्ष, चित्रे व कलावस्तू जपणे आणि कलादालन-संग्रहालय उभारणे हा त्या कायद्याचा हेतू. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे संपादन वैध ठरवले. सार्वजनिक कामासाठी घेतलेली ही जागा लोकांसाठी खुली असलीच पाहिजे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी : बंगला, चित्रशाळा, लिनालोची बाग आणि अर्क काढण्याची व्यवस्था यांना एकच वारसास्थळ मानून एकच जतन आराखडा करावा. उभ्या झाडांची मोजणी व्हावी, मेलेल्या झाडांच्या जागी लिनालोचीच रोपे लावावीत आणि हंगामात तेल काढून लोकांना दाखवावे. बंगल्याची दुरुस्ती मूळ बांधकामाच्याच साहित्याने व्हावी. रोरिक टेम्परा रंगांत काम करीत. दमट हवेत असे रंग सुटतात, तेव्हा चित्रांसाठी आर्द्रता नियंत्रित दालन हवे. संग्रहाची संपूर्ण यादी जाहीर करावी. जुन्या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच कन्नड बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम लांबवून चालणार नाही, ती माणसे आता वृद्ध आहेत.

बन्नेरघट्ट्याचे हत्ती या परिसरात येतात. त्यामुळे प्रवेश दिवसाच आणि मर्यादित असावा. रात्रीचे समारंभ, नवे बांधकाम, झगमगाट यांना आमचा ठाम विरोध आहे.

युद्धातही कलावास्तूंना संरक्षण मिळावे यासाठी स्वेतोस्लाव यांचे वडील निकोलस रोरिक झटले. त्यांच्या नावाचा करार १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. त्यांच्या मुलाच्या घरासाठी आम्ही मागतो आहोत ते याच तत्त्वाला धरून आहे.

मंडळाच्या येत्या बैठकीत हे मागणीपत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद