चक्र त्यांचं, गोणी आमची



गेल्या ५ जूनला माझ्या आईचा सत्कार झाला. पर्यावरण दिन. शाल, नारळ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फुलांचा गुच्छ. साहेब माइकवर म्हणाले, ह्या माउल्या शहराच्या पर्यावरणदूत आहेत, चक्राकार अर्थव्यवस्थेचा कणा आहेत. टाळ्या पडल्या. घरी येऊन आईनं गुच्छावरचा चकचकीत कागद सोडवला, बोटांत चुरगाळून बघितला आणि म्हणाली, "ह्येला कोण घेतंय? भंगारवाला हात बी लावत न्हाई."

साहेबाच्या अख्ख्या भाषणापेक्षा हे एक वाक्य मोठं. त्यावरच मला बोलायचंय.

मी सूतगिरणीत, ब्लोरूम खात्यात. दहावी नापास. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. पण कचऱ्याचं अर्थशास्त्र मला मिलनंच शिकवलं. कापसाची गाठ फुटली की वजन सुरू होतं. ब्लोरूममधून गळलेलं, कार्डिंगला झडलेलं, कोंबरचं आखूड तंतूंचं नॉईल, प्रत्येकाचं पोतं वेगळं, भाव वेगळा. ओपन एंडवाले ते विकत नेतात, त्याचं जाड सूत काढतात. जमिनीवरून झाडलेला कापूससुद्धा विकला जातो. ह्यासाठी मालकाला कुणी चक्राकार अर्थव्यवस्था शिकवावी लागत नाही. आणि ते गोळा करणाऱ्या कामगाराला, कमी का होईना, पगार मिळतो.

त्याच मिलच्या गेटातून सुताचे कोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बाहेर पडतात. गेटाबाहेर गेल्यावर त्या पिशवीचं वजन कुणी करत नाही. मालकाचा हिशेब गेटाशी संपतो. तिथून पुढं आई.

आता सरकार म्हणतं, हिशेब गेटाशी संपणार नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टनाची जबाबदारी माल बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि ब्रँडच्या मालकावर टाकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. कंपनीनं बाजारात जेवढं प्लास्टिक सोडलं, त्याच्या हिशेबानं पुनर्वापराची प्रमाणपत्रं दाखवायची. स्वतः जमत नसेल तर विकत घ्यायची. कागदावर चांगलं आहे. आपण ह्या कायद्याच्या विरोधात नाही.

पण प्रमाणपत्र कुणाच्या हातात जन्मतं ते बघा. आई भंगारवाल्याला देते, भंगारवाला गोदामवाल्याला, गोदामवाला व्यापाऱ्याला, व्यापारी कारखान्याला. साखळीच्या शेवटच्या कडीला, नोंदणी झालेल्या कारखान्यात, प्रमाणपत्र तयार होतं आणि कंपनीला विकलं जातं. पहिल्या कडीला त्या पैशातला वाटा देण्याची सक्ती कुठं आहे? २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रं सापडली. कचरा न उचलताच कागद विकला गेला. आईची गोणी खोटी असू शकत नाही. ती पाठीवर असते.

आणि गोणीत काय येतं, हेही कंपनीच ठरवते. पाण्याची बाटली विकली जाते, म्हणून आई ती उचलते. शाम्पूची पुडी, वेफर्सचं पाकीट, गुटख्याची पुडी ह्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले. ते सोडवायचे कसे? शेकडो पुड्या वेचा तेव्हा कुठं वजनकाट्याचा काटा हलणार, आणि हलला तरी घेणारा नाही. मग त्या गटारात जातात, गटार आपल्या वस्तीत तुंबतं. पुडी दोन रुपयाला विकून नफा त्यांचा. पाणी आपल्या चुलीपर्यंत.

आता आपल्यातल्या काही साथींचं ऐका. परवाच्या बैठकीत एकजण भडकला. म्हणाला, "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं आणि तू कचऱ्याला भाव मागतोस? गुलामीला भाव?"

प्रश्न खोटा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं सोडा म्हणून सांगितलं. त्याच १९२७ साली मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. एकीकडं आपण घाण नाकारत होतो, दुसरीकडं शहर घाणीचा डोंगर रचत होतं. त्या डोंगरावर आज कोण चढतं? दलित, मुसलमान, गावात जमीन नसलेले. महाराष्ट्रातल्या शहरांत कचरा वेचणाऱ्या बहुतेक बाया आपल्याच आहेत. जातीनं त्यांना तिथं नेलं, भुकेनं तिथं ठेवलं.

पण बाबासाहेबांचं १९२८ सालही आठवा. मुंबई कौन्सिलात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतन म्हणजे काय होतं? रात्री-अपरात्री राबवून घ्यायचं, मजुरीच्या नावानं तुटपुंजी जमीन आणि दारोदारचं बलुतं, आणि वर म्हणायचं, हा तुमचा मान. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं. पर्यावरण दिनाची शाल म्हणजे तेच वतन, नव्या रंगात. कंपनीचं काम करून घ्यायचं, मजुरी द्यायची नाही आणि मान द्यायचा. पर्यावरणदूत!

म्हणून भाव मागणं म्हणजे गुलामी पत्करणं नव्हे. जोवर आईची पाठ फुकट आहे तोवर पुडी स्वस्त आहे. उचलण्याची पुरी मजुरी कंपनीच्या हिशेबात चढू द्या, मग बघा तिला पातळ वेष्टन, परत भरायची बाटली, सुटा माल कसा सुचतो ते. कचरा कमी करायचा हाच रस्ता आहे. आणि आईच्या मुलीला हे काम सोडायचा रस्ताही ह्याच मजुरीतून जातो. उपाशी माणूस धंदा सोडू शकत नाही.

हे होऊ शकतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ साली कचरा वेचकांच्याच मालकीची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि दारोदारचा कचरा गोळा करण्याचा करार तिनं महापालिकेशी केला. ठेकेदाराच्या हाताखाली न जाता. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर, पाण्याच्या बाटलीवर परतीची किंमत छापायचं ठरलं होतं. जा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रिकामी पिशवी परत देऊन बघा. तो तुमच्या तोंडाकडं बघेल. केंद्राच्या नमस्ते योजनेत २०२४-२५ पासून कचरा वेचक आले. नोंदणी, ओळखपत्र. चांगलं आहे. पण ओळखपत्र वजनकाट्यावर ठेवता येत नाही.

तर आपल्या मागण्या अशा:

एक. जे वेष्टन पुन्हा वापरता येत नाही, ते बनवायलाच बंदी. दंड विकणाऱ्या गाडीवाल्याला नको, बनवणाऱ्याला.

दोन. प्रत्येक प्रमाणपत्राच्या किमतीत वेचणाऱ्या बाईचा वाटा किलोमागे कायद्यानं ठरवा आणि थेट तिच्या खात्यात टाका.

तीन. भंगाराला किमान हमीभाव.

चार. कचऱ्याचं काम वेचकांच्या संस्थेला. ठेकेदार आणि कचरा जाळायची भट्टी आणून बायांना हाकलायचं नाही.

पाच. दवाखाना, पेन्शन आणि पोरांना शेवटपर्यंत शिष्यवृत्ती. पुढच्या पिढीत ह्या कामाला जात राहता कामा नये.

साथींनो, आईच्या कामाची लाज वाटून आपण वेगळ्या रस्त्यानं घरी येतो. मीही आलोय. लाज तिची नाही, ज्याचा कचरा आहे त्याची आहे. पुढच्या ५ जूनला सत्कार असेल तिथं आपण जाऊ. शाल घेणार नाही. वजनकाटा घेऊन जाऊ, एका पारड्यात आईची गोणी ठेवू आणि साहेबाला विचारू, दुसऱ्या पारड्यात काय टाकतोस बोल.