माझा मग वाकडा का असावा?

गेले सहा महिने दर शनिवारी सकाळी मी पॉटरीच्या क्लासला जातो. परवा व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलो आणि एकच हशा पिकला. "अरे, कारखाना काढायचाय का तुला?" इति मॅडम. शेजारच्या चाकावरचा म्हणाला, सगळे मग सारखेच करायचे तर हाताने करायचे कशाला? थोडं वेडंवाकडं हवंच, त्यातच तर हाताची ऊब असते!

ही 'हाताची ऊब' इतक्यांदा ऐकलीये की आता डोकं तापतं.

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून आईसाठी स्टोनवेअरचा मग आणला होता. 800 रुपये. दिसायला झकास. पण रिकामाच इतका जड की भरल्यावर दोन हात लागावेत. कानात जेमतेम एक बोट जातं, बाकीची तापलेल्या मगाला टेकून भाजतात. आईची बोटं सांधेदुखीने आखडलेली. "छान आहे रे," म्हणाली आणि चहा नेहमीच्या स्टीलच्या कपातून प्यायली. मगात आता पेनं असतात. आमच्या धंद्यात याला बग म्हणतात, इथे कला म्हणून जास्त पैसे घेतात.

आता आजीची लोणच्याची बरणी आठवा. खाली पांढरट, वर तपकिरी. तीही स्टोनवेअरच. 1200 अंशांच्या आसपास भाजली की माती इतकी घट्ट होते की पाणी झिरपत नाही, आणि वरच्या ग्लेझला मीठ, तेल, आंबट काही बाधत नाही. हात आत जाईल एवढं तोंड, दादरा बांधायला गळ्याशी खाच. साच्यातून हजारोंनी निघालेली वस्तू, कुणाची सही नाही. तिच्यात ऊब नव्हती असं म्हणायची हिंमत आहे कुणाची?

यावर लोक हमखास जपान काढतात. काढा की! रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूंना 'मिंगेई', म्हणजे लोककला, हे नाव ज्यांनी 1925 मध्ये दिलं, त्यांत सोएत्सु यानागी प्रमुख. त्यांनी गोडवे गायले ते अनाम कारागिरांनी मोठ्या संख्येने केलेल्या, स्वस्त, वापरायच्या भांड्यांचे. मुद्दाम आणलेल्या ओबडधोबडपणाचे नव्हेत. त्यांचा मुलगा सोरी काय झाला? इंडस्ट्रियल डिझायनर! आणि 1977 मध्ये तोच वडिलांनी उभारलेल्या टोकियोच्या मिंगेई संग्रहालयाचा संचालक झाला. बापलेकांत विरोध दिसतो तो आपल्याला.

तुम्ही म्हणाल, मग कारखान्यातलाच कप घे ना. घेतले असते. पण आईच्या बोटांना बसेल असा कान मला दुकानात मिळाला नाही. इंडस्ट्रियल डिझाइन म्हणजे मशीन नव्हे. वस्तू कुणासाठी, कशासाठी, हे आधी ठरवायचं, आणि एकदा जमलं की पुन्हा तस्संच करता आलं पाहिजे. यातलं काय हाताने होत नाही?

म्हणून मी बसून मापं काढली. तीन बोटं मावतील एवढा कान. बाहेर न झुकणारी सरळ भिंत. आमची माती भट्टीतून निघेपर्यंत साधारण 12 टक्के आटते, म्हणजे तोंड 8 सेंमी हवं तर ओलं असताना 9.1 सेंमी. प्रत्येक गोळा वजन करून घेतला. पहिले चार फुकट गेले, एकाचा तर कानच जोडातून तडकला. पाचवा जमला.

आई दोन आठवडे त्यातूनच चहा पितेय. या वेळी "छान आहे" वगैरे काही म्हणाली नाही. फक्त विचारलं, "अजून एक करशील का, बाबांना?"

आता बाबांचा अगदी तस्साच व्हायला हवा. व्हर्नियर त्यासाठी होतं. हसा खुशाल.