बाटलीवरचा आकडा ही बखर. अस्सल कागद पेल्यात असतो

२०१७ साली स्वित्झर्लंडमधील सेंट मोरिट्झच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ची म्हणून ठेवलेल्या मॅकॅलन व्हिस्कीच्या एका पेल्यासाठी जवळपास १०,००० फ्रँक मोजले. पुढे शंका आली, कार्बन कालमापन झाले आणि ती १९७० ते १९७२च्या दरम्यानची ठरली. शिवाय ती सिंगल माल्ट नसून मिश्रण निघाली. हॉटेलने पैसे परत केले.

ही झाली बनावट सनद. आपला आजचा धागा मात्र खऱ्या बाटल्यांवरील खऱ्या आकड्यांविषयी आहे. माझे मत असे की, तो आकडा बखरीसारखा वाचावा: खोटा नसतो, पण त्याच्यावर विसंबून इतिहास लिहू नये.

‘१८ वर्षे’ याचा अर्थ एवढाच की, बाटलीतील सर्वांत कोवळी व्हिस्की १८ वर्षे ओकच्या पिंपात होती. बाटलीत गेल्यावर तिचे वय थांबते. आजोबांच्या कपाटात ४० वर्षे पडून राहिलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे.

मुळात हे मुरवणे स्कॉटलंडच्या आद्य परंपरेत नव्हतेच. राजाच्या जमाखर्चात १४९४ च्या सुमारास जॉन कोर नावाच्या धर्मबंधूला ‘अ‍ॅक्वा व्हिटे’ करण्यासाठी माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेले बार्ली, दिल्याची नोंद आहे. त्यानंतर कित्येक पिढ्या हे मद्य बहुधा ताजेच प्यायले गेले. पीप हे साठवणीचे नि वाहतुकीचे भांडे होते. किमान मुदतीचा कायदा आला तो १९१५ साली, महायुद्धाच्या धामधुमीत. युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांच्या पिण्यामुळे लॉईड जॉर्ज दारूबंदीकडे झुकले होते; त्यातून निघालेली ही तडजोड. आधी २ वर्षे, लगेच पुढे ३. रसिकतेचा तिच्याशी काडीमात्र संबंध नव्हता!

अतिवृद्ध बाटल्यांची कथा तर याहून बोलकी आहे. १९८०च्या दशकारंभी मागणी कोसळली आणि १९८३ साली पोर्ट एलन, ब्रोरा यांसारख्या भट्ट्या बंद पडल्या. त्यांची पिंपे गोदामांत राहिली, कारण गिऱ्हाईक नव्हते. पुढे तीच दुर्मीळ ठेव म्हणून अफाट किमतीला विकली गेली. त्या वयात तपश्चर्या किती आणि मंदी किती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवे.

मग पेल्यात काय वाचायचे? वर निमुळता होणारा पेला घ्यावा, थोडीच ओतावी, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. नंतर पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा घ्यावा. मद्यार्काचा झणका ओसरतो आणि दडलेले गंध वर येतात. धूर जाणवला, तर तो बार्ली सुकवताना जाळलेल्या पीटचा. आयला बेटावर झाडे विरळ, म्हणून दलदलीतून कापून वाळवलेली ही ढेकळेच तिथले सरपण. मनुका, सुके अंजीर आठवले, तर स्पेनच्या शेरीचे पीप संभवते. ब्रिटनमध्ये शेरी पिंपांतून येई आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाल्यांच्या हाती लागत. व्हॅनिला, नारळ जाणवला, तर बहुधा अमेरिकन ओक. बर्बनसाठी आतून जाळलेले कोरे पीपच वापरावे, असा अमेरिकेचा नियम असल्याने तिथली वापरलेली पिंपे स्कॉटलंडला मुबलक मिळतात. हवामान, व्यापार, परक्या देशाचा कायदा, सारे एका घोटात. यातले काहीच तो आकडा सांगत नाही.

उलट वय फार वाढले की, लाकूडच बोलू लागते, तुरट आणि एकसुरी.

शिवाय आकडा हवामानाचा गुलाम. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के द्रव उडून जातो; बंगळुरूच्या अमृत किंवा गोव्याच्या पॉल जॉनच्या गोदामांत त्याच्या कित्येक पट. तिथे १८ वर्षे थांबले, तर पिंपाच्या तळाशी फारसे काही उरायचे नाही. म्हणून त्यांच्या ५-६ वर्षांच्या व्हिस्कीला ‘कोवळी’ म्हणून नाक मुरडणे मला अडाणीपणाचे वाटते.

(जाता जाता: स्कॉचला वयाची ३ वर्षे पुरतात, महाराष्ट्रात ती पिणाऱ्याला मात्र २५ पूर्ण लागतात. तोवर धागे वाचावेत.)