खालची पट्टी कापू नका!

दिवाळीची साफसफाई निघाली की देवांच्या जुन्या तसबिरी पिंपळाखाली जातात. देवाचं चित्र कचऱ्यात टाकवत नाही ना! आमच्या आजीनेही अक्कलकोटच्या घरातल्या दोन नेऊन ठेवल्या. मी परत आणल्या, तर म्हणाली, 'हे काय नवीन खूळ?'

खूळच आहे, पण ऐका. यातल्या कितीतरी तसबिरी मुळात जाहिराती होत्या. चाळीस-पन्नासच्या दशकात पेढीवाले, साबणवाले, बिडीवाले गिऱ्हाइकांना कॅलेंडरं वाटायचे. वर देव, खाली दुकानाचं नाव. साल संपलं की लोक खालची पट्टी कापायचे आणि चित्राला फ्रेम करायचे. मला नेमकी तीच पट्टी हवी असते! कुठली पेढी, कुठलं गाव, कधीकधी छापखानासुद्धा, सगळं तिच्यावर. राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला लोक लांबून येतात. आपल्या बाजारपेठेचा इतिहास मात्र रद्दीत.

आणि चित्रकार कोण? शेजारच्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित, रघुवीर मुळगावकर. मळवलीचा रविवर्मा प्रेस तर १९७२च्या आगीत गेला.

अस्सल शिळाछाप ओळखायचा तर भिंग लावा. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली की ऑफसेट समजा. पन्नाशीतली बरीच कॅलेंडरं तशीच निघतील, हिरमुसू नका. खडूने घासल्यासारखे वेडेवाकडे कण दिसले, तर मात्र जपा.

लॅमिनेशन नको, प्लीज. माळ्यावर गुंडाळी सापडली तर ओढून उघडू नका, कागद तडकतो.