घरची वीज : तार तुटली तर भोंगा वाजलाच पाहिजे

मंडळी, लग्नसराई आली की बँकेतले दागिने घरी येतात, आणि नेमकी त्याच दिवसांत घरे ओस असतात. दिवसा सगळी माणसे शिवारात. ज्यांच्या पंपाला अजून रात्रपाळीची वीज आहे, त्यांच्याकडे रात्रीही कर्ता पुरुष विहिरीवर आणि घरात सासू-सून नि लेकरे. तेव्हा चोरघंटा बसवावी असे आता खेड्यातही पुष्कळांच्या मनात येते. पेटी तालुक्याला मिळते, बसवणारा वायरमनही मिळतो. पण तो काय जोडून गेला, हे घरच्यांना कळले पाहिजे. बल्ब चुकीचा जोडला तर तो पेटत नाही आणि चूक लगेच दिसते. चोरघंटा चुकीची जोडली तर वर्षभर सगळे ठीक दिसते आणि नको त्या रात्री ती मुकी राहते.

१८५३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑगस्टस पोप यांनी विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले. त्यांच्या जोडणीत दार उघडले की तारांची टोके एकमेकांना टेकत आणि घंटा वाजे. युक्ती छान, पण तार आधीच कापली तर घंटा गप्पच! म्हणून आता उलट करतात. दार बंद असताना तारेतून थोडा प्रवाह सतत वाहत ठेवायचा. तो थांबला, मग दार उघडून थांबो की तार तुटून, भोंगा सुरू. पाटाचे पाणी एकदम आटले की वर कुणीतरी पाट फोडला हे आपण ओळखतो, तसेच हे.

दाराचा स्विच दोन तुकड्यांचा असतो. तारांचा तुकडा चौकटीवर आणि चुंबकाचा दाराच्या फळीवर, समोरासमोर, मध्ये बोटाच्या पेराहून कमीच अंतर. आपली जुनी दारे दोन फळ्यांची असतात. दोन्ही फळ्यांना स्विच लावावा, कारण एकीलाच लावला तर दुसरी उघडून माणूस आत येतो. पत्र्याच्या किंवा लोखंडी दाराला चुंबक थेट चिकटवू नये, लोखंड त्याचे बळ खाते. मध्ये लाकडाची पट्टी ठोकावी. एका फेऱ्यातले सगळे स्विच एकापुढे एक, माळेसारखे ओवावेत.

आता महत्त्वाची गोष्ट. पेटीबरोबर रंगीत पट्ट्यांचे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे रोधक येतात. दुकानात त्यांना रेझिस्टन्स म्हणतात. कंपनीगणिक त्यांचे माप वेगळे असते, म्हणून पेटीबरोबर आलेलेच वापरावेत. हा रोधक फेऱ्याच्या शेवटच्या स्विचपाशी, म्हणजे पेटीपासून सर्वांत लांबच्या दाराशी बसला पाहिजे. घाईतला वायरमन तो पेटीतच स्क्रूखाली दाबून मोकळा होतो. घंटा तशीही वाजते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण मग वाटेत कुठे दोन तारा एकमेकींना जोडल्या गेल्या, मुद्दाम कुणी जोडल्या किंवा उंदराने वरचे आवरण कुरतडले, तर त्यापुढची सगळी दारे निकामी होतात. पेटीला मात्र तिचा रोधक जागेवर दिसत असतो आणि ती खुशाल राहते. रोधक टोकाला असेल तर तारा जुळताच प्रवाह एकदम वाढतो आणि पेटी ओरडते. एवढ्याशा दाण्याच्या जागेवर सारी राखण अवलंबून आहे.

हालचाल टिपणारा डोळा, म्हणजे मोशन सेन्सर, बहुतेकांना हवासा वाटतो. त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. तो अंगाची ऊब आणि भोवतालची ऊब यांतला फरक पाहतो. वैशाखात पत्र्याखालची खोली माणसाच्या अंगाइतकीच तापली की त्याची नजर मंदावते. उलट चूल किंवा उन्हाची खिडकी समोर असली तर तो उगाच वाजतो, मांजर गेले तरी वाजतो. लावायचाच तर कोपऱ्यात, सात फुटांवर. त्यात सहा स्क्रू असतात. दोन १२ व्होल्टच्या विजेचे, दोन घंटेच्या फेऱ्याचे आणि दोन झाकण उघडले तर कळवणारे. शेवटचे दोन रिकामे सोडण्याची पद्धत आहे, ती मोडावी.

भोंग्याची तार जाड हवी. दाराच्या स्विचची केसासारखी बारीक तार (०.२ चौरस मि.मी.) घेऊन तीस मीटरवर भोंगा टांगला, तर जाऊन-येऊन साठ मीटर तार होते आणि तिचा अडसर सुमारे ५ ओहम. एक अँपिअर खाणाऱ्या भोंग्याचे १२ पैकी ५ व्होल्ट वाटेतच संपतात आणि तो घोगरा वाजतो. पाऊण चौरस मि.मी.ची घेतली तर दीडच व्होल्ट जातात. भोंगा हाताला लागणार नाही इतका उंच असावा, आणि दुसरा लहान घरात.

बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते. पेटी आणि दोन डोळे मिळून ०.१५ अँपिअर खात असतील तर कागदावर शेहेचाळीस तास निघतात. जुनी झाली की त्याच्या निम्मेही नाही. भारनियमनात ती सतत रिकामी होत राहते, म्हणून तीन-चार वर्षांनी बदलावीच. २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमननेच जोडावी, अर्थिंगसह. ती तार आणि घंटेच्या तारा एका पाइपातून नेऊ नयेत.

एक बटण आजीच्या खाटेशी द्यावे. त्याचा फेरा वेगळा, चोवीस तास जागा, म्हणजे पेटी बंद असली तरी बटण दाबताच भोंगा. पुढच्या दाराला मात्र तीस सेकंदांची सवलत ठेवावी, नाहीतर घरचाच माणूस आत येताना गाव गोळा होईल.

काम झाले की वायरमनचे पैसे देण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगून पेटी चालू करायला लावावी. मग सर्वांत लांबच्या दाराची एक तार सोडवावी. ती परत जोडून, त्याच दाराशी, रोधकाच्या अलीकडे, दोन्ही तारा एकमेकींना टेकवाव्यात. त्या मोकळ्या करून शेवटी घराचा मेन स्विच पाडावा आणि दार उघडावे. तिन्ही वेळा भोंगा खणखणीत वाजला तर पैसे द्यावेत आणि चहाही पाजावा.